पोस्टमनकाकांचा भांग

मुंगीच्या बाबांना गावात सगळे ‘मुका कारागीर’ म्हणत. तोंडावर नाही अर्थात. ज्याच्या हातात वस्तरा असतो त्याला तोंडावर कोणी काही म्हणत नाही. दुसऱ्या गावांत दाढीबरोबर चार बातम्या फुकट मिळत, इथे नुसती दाढीच मिळायची. बाबांचं सगळं बोलणं एका ‘हं’मध्ये भागायचं. बसा, हं. मान खाली, हं. झालं, उठा, हं. गिऱ्हाइकांना सवयीने फरक कळायचा.

मुंगीलाही कळायचा, पण तिला हवा होता तो ‘हं’ निराळा होता. वस्तऱ्याला धार लावून झाली की बाबा ती नखावर टेकवून बघत आणि नाकातून एक लांब, सावकाश खाली उतरत जाणारा ‘हं’ सोडत. तसा ‘हं’ आजवर त्या वस्तऱ्याला मिळाला होता आणि एकदा एका कात्रीला. माणसात कोणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं.

“मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही ‘हं’च म्हणाले होते,” आई सांगायची. “पण आखूड होता. त्याच्यावरच संसार केला मी.”

मुंगी काटकुळी आणि सतत काहीतरी ओढून नेणारी, म्हणून मुंगी. शाळा सुटली की दुकानात खाली पडलेले केस झाडायचे, ब्रशाला फेस आणायचा आणि मग मागच्या भिंतीजवळच्या बाकावर तोंड मिटून बसायचं, एवढंच तिचं काम. बाकावरून खुर्चीची उंच पाठ दिसे आणि बाबांची त्याहून रुंद पाठ दिसे. गिऱ्हाइकाचं तोंड आणि बाबांचे हात दिसायचे ते समोरच्या मोठ्या आरशात. म्हणून मुंगी आरशात बघायची. एखादी मांजर खारीकडे बघत बसावी तशी, पापणी न हलवता.

घरी सराव चालायचा. बाबा स्वतः फुग्यावर शिकले होते: फुगवलेल्या फुग्याला फेस फासायचा आणि तो वस्तऱ्याने अलगद उतरवायचा; फुगा फुटला तर गिऱ्हाईक गेलं असं समजायचं. पहिल्या आठवड्यात मुंगीने निम्मं गाव मारलं. मग फुगे फुटेनासे झाले. मग झाडूला कल्ले फुटले. मग शेजारच्या बोकडाची दाढी तिने इतकी रेखीव कोरली की त्याच्या शेळ्यांनी दोन दिवस त्याला जवळ येऊ दिलं नाही. बाबांनी बोकडाकडे पाहिलं, मुंगीकडे पाहिलं आणि जेवायला बसले. साधा आखूड ‘हं’सुद्धा नाही.

“बाबा, मला एकदा तरी कात्री द्या ना.”

“मोठी हो.”

“किती मोठी?”

बाबांनी खुर्चीच्या पाठीकडे बोट दाखवलं. त्या पाठीच्या वर हनुवटी यायला हवी होती. मुंगीचे जेमतेम डोळे येत होते.

त्या दिवशी खुर्चीत पोस्टमनकाका होते. ते निवृत्त होऊन वर्षं लोटली होती, पण त्यांची खाकी टोपी अजून निवृत्त झाली नव्हती. शेतात, विहिरीवर, ओसरीवर ती डोक्यावरच असायची आणि उतरायची फक्त या खुर्चीत. निरोपाच्या दिवशी शहरातून आलेल्या फोटोग्राफरने मात्र टोपी काढायला लावून त्यांचा फोटो घेतला होता आणि तेव्हापासून काका त्या फोटोवर रुसले होते.

“तो माणूस मी नाहीच!” आरशात बघत ते दर वेळी म्हणायचे. “काहीतरी चुकलंय त्याच्यात. वाकडाच दिसतो लेकाचा. बायको म्हणते, अगदी हुबेहूब तुम्ही. माझ्या भिंतीवर परका पुरुष टांगलाय आणि ही रोज त्याची धूळ पुसते!”

“हं,” बाबा म्हणाले.

मागचे केस कापून झाले. पुढचे ओले करून बाबांनी कपाळावर सरळ खाली विंचरले. काकांचे डोळे झाकले गेले. तेवढ्यात वारा सुटला. रस्त्यावरची सगळी धूळ दुकानाकडे निघाली, म्हणून बाबा शटर अर्धं ओढायला गेले. गंजलेलं शटर अर्ध्यावर थांबलं नाही. बाबांचा उजवा अंगठा त्याच्या वाटेत होता.

बाबा तेव्हाही ‘हं’च म्हणाले, पण त्यात सगळ्या शिव्या होत्या.

डाव्या हाताने शटर पुन्हा वर ढकलेपर्यंत अंगठा वांग्यासारखा झाला. कात्रीच्या कडीत तो शिरेना.

“उद्या या,” बाबा म्हणाले.

“उद्या? असा जाऊ? मागून माणूस आणि पुढून अस्वल?” केसांच्या पडद्याआडून काका ओरडले. “आधीच घरात एक परका आहे, दुसरा नको! ती मुंगी काय करतेय? बोकड तर झकास केला होता तिने.”

बाबांनी अंगठ्याकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं. मग कात्री उचलून तिच्या कड्या मुंगीच्या दिशेने धरल्या.

खुर्चीच्या मागून तिचा हात पोचत नव्हता. तिने स्टूल ओढलं आणि ते काकांच्या समोर ठेवून, आरशाकडे पाठ करून ती वर चढली. पहिली बट तिने जपून कापली. त्यानंतर हातांना आपोआप सगळं आठवत गेलं. दोन बोटांत केसांची बट धरायची, टोकं कापायची, कानाशी कात्री आडवी करायची. शेवटी कंगव्याच्या टोकाने भांग. काकांचं तोंड तिला पाठ होतं: भांग डाव्या हाताला. तिने तो तिच्या डाव्या हाताला पाडला, आखल्यासारखा सरळ, आणि उतरून बाजूला झाली.

काकांनी आरशात पाहिलं. जागेवरच ताठ झाले.

“अरे!” ते म्हणाले. “अरे, हा तर फोटोतला!”

ते उठून आरशाला नाक लागेल इतके जवळ गेले. हसले. आरशातला माणूसही हसला. “तोच! तस्साच! म्हणजे तो मीच होतो की रे इतकी वर्षं! उगाच भांडलो मी बायकोशी. मुंगे, तू माझं घर वाचवलंस!” टोपी काखेत मारून, भांग विसकटू नये म्हणून मान ताठ धरून ते निघाले ते थेट घराकडे.

मुंगीने बाबांकडे पाहिलं. बाबा हसत नव्हते. ते रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. आणि मुंगीच्या एकदम लक्षात आलं. काका दारातून बाहेर पडताना तिने त्यांना पहिल्यांदाच टोपीशिवाय उजेडात, पाठमोरं पाहिलं होतं. बाबा उभे राहायचे तसं मागून पाहिलं की भांग उजवीकडे होता. तो कायम डावीकडे असायचा. समोरून काढलेल्या फोटोत मात्र तो उजवीकडे दिसायचा, आज आरशात दिसला तसा.

गप्प बसली असती तर चाललं असतं. गिऱ्हाईक खूश होतं.

“बाबा, चुकलं,” ती म्हणाली. “बाजू उलटी झाली.”

“कुठून बघत होतीस?”

तिने बाकाकडे बोट दाखवलं.

त्या बाकावर बाबा जन्मात बसले नव्हते. आज जाऊन बसले. समोर पाहिलं: खुर्चीची पाठ, आणि आरसा. मग त्यांनी मुंगीला खुर्चीच्या आणि आरशाच्या मध्ये, स्टुलावर, पाठ करून उभं केलं आणि पुन्हा जाऊन बसले. एवढा वेळ त्यांनी कुठल्याच गिऱ्हाइकाला दिला नव्हता. मुंगी ‘हं’ची वाट बघत राहिली. लांब नसला तरी चालेल, आखूड चालेल, शिव्यांचाही चालेल.

‘हं’ आलाच नाही. बाबा उठले, डाव्या हाताने बाक ओढत नेऊन खुर्चीच्या शेजारी असा लावला की तिथून गिऱ्हाईक आरशाशिवाय, थेट दिसावं. मग आरशावर टॉवेल टाकला आणि स्वतः खुर्चीत बसून डोळे मिटले.

“कल्ले,” ते म्हणाले. “डावा आधी.”

मुंगी स्टुलावर चढली आणि कात्री उघडली.

“माझा डावा,” बाबा म्हणाले.

रात्री ताटं वाढताना आई थबकली. मान एकदा इकडे, एकदा तिकडे करून तिने नवऱ्याचं तोंड निरखलं.

“अहो, उजवा कल्ला केवढा वर गेलाय! लोक काय म्हणतील?”

मुंगीचा हात ताटातच राहिला.

“वाढेल,” बाबा भाकरी मोडत म्हणाले. “मग तीच परत कापेल.”