नजरेच्या कडेला

जमुनाने दिव्याच्या ज्योतीवर धरून काळा केलेला काचेचा तुकडा फुंकर मारून निववला आणि सुगंधाच्या हातात ठेवला.

“घे, बघ लवकर. पाव सूर्य खाल्ला हाय.”

कार्तिकातल्या अमावस्येची सकाळ होती. पाम गावातल्या त्या आवारात दोनच बिऱ्हाडं, एक घरमालकीण जमुनाचं आणि दुसरं सुगंधाचं. नवरा शिवाजी तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर लागला, तसे वर्षापूर्वी तो, ती आणि सासू सोजराबाई करमाळ्याकडून इथे येऊन राहिले होते. सूर्याच्या आड चंद्र येतो, एवढंच गं, असं सांगून शिवाजी आज पहाटेच कामावर गेला होता. सुगंधाला ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

सोजराबाई ओट्यावर बसली होती, तोंड कुंपणाकडे. सुगंधाने काच डोळ्यापाशी नेली मात्र, म्हातारी उठली आणि तिने ती हिसकून दगडावर टाकली. काचेचे तीन तुकडे झाले.

जमुना घरात निघून गेली.

सुगंधा वाकून तुकडे वेचू लागली. आठ वर्षं झाली लग्नाला. सासू तिला कधी उणं बोलली नव्हती, पण तिने कधी सरळ तिच्याकडे बघितलंही नव्हतं. तिने ताट वाढावं आणि सासूने दाराकडे बघत जेवावं. तिने बोलावं आणि सासूने भिंतीला उत्तर द्यावं.

“माझं एवढंसुद्धा सुख बघवत नाही का, आत्याबाई?”

सोजराबाई आत गेली. धान्याची चाळण घेऊन बाहेर आली, सूर्याकडे पाठ करून उभी राहिली आणि चाळण खांद्यावर उंच धरली. सारवलेल्या भिंतीवर चाळणीची सावली पडली, आणि सावलीत उजेडाचे शंभरेक ठिपके. एकही ठिपका गोल नव्हता. प्रत्येकाचा एका बाजूने लचका तोडलेला.

“ह्यो बग. त्योच हाय. वर बगायचं न्हाई.”

सुगंधा भिंतीजवळ गेली. बोट लावलं तर एक चिमुकला सूर्य तिच्या नखावर चढला.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“मागनं कळलं. तवा कळाय पायजे व्हतं.” म्हातारीने चाळण खाली केली नाही. “नऊ वर्साची व्हते मी. आमच्याकडं भर दुपारी रात झाली. चांदण्या निघाल्या. तवर काय झालं न्हाई. मग कडंनं सूर्याची ठिणगी फुटली. लई देखणी व्हती. म्या डोळं मिटलंच न्हाईत.”

सुगंधा वळली.

“तवापास्नं जितं सरळ बगावं तितं डाग. काळा बी न्हाई, कायच नसतं. आय म्हनली, कुनाला सांगू नगंस, लगीन व्हायचं न्हाई. मग सांगायचं ऱ्हाऊनच गेलं. शिवाजीला बी ठावं न्हाई.”

“म्हणजे मी…”

“तुज्याकडं सरळ बगितलं तर तुजं तोंडच नसतंय. म्हनून दाराकडं बगते.” तिने चाळण खाली ठेवली. “मग कडंनं दिसतीस. हनवटीवरचा तीळ बी दिसतो. रडून आलीस तर त्ये बी.”

ग्रहण सुटल्यावर दोघींनी अंघोळी केल्या. सुगंधाने चूल पेटवली, भाकरी थापल्या आणि ताट वाढून ती सासूपुढे बसली. सोजराबाईने रोजच्यासारखं तोंड दाराकडे वळवलं आणि पहिला घास घेतला.

सुगंधाने ओल्या केसांची बट कानामागे सारली, कुंकू सरळ आहे का ते बोटाने चाचपलं, आणि मग कशाला हात लावावा ते न सुचून ती तशीच बसून राहिली.