उकळलेले जंतू

पेल्याला हात लावताच मुलीला चटका बसला. तिने आईकडे पाहिलं.

"एवढ्या कढत दुधात कॅप्सूल टाकलीस?"

"फोडून टाकली. वर एक उकळीही आणली," आईने अभिमानाने सांगितलं. हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं उकळण्यात तिची हयात गेली होती. जंतू दिसला की उकळायचा, एवढं एकच शास्त्र तिला ठाऊक. नवऱ्याच्या पोटात जिवंत जंतू सोडायचे, हे तिच्या काही पचनी पडलं नव्हतं.

मुलगी औषधाच्या दुकानात कामाला होती. बापासाठी कॅप्सूल तिनेच आणल्या होत्या. पोटातले चांगले जंतू वाढले तर उतारवयात दम टिकतो म्हणतात, पक्कं कोणी सांगत नाही, पण करून बघू, असं ती म्हणाली होती. फ्रीजमध्ये ठेव, गार पाण्याबरोबर दे, हेही बजावलं होतं. आता तिने कपाळाला हात लावला. महिनाभर बाबा नुसती मढी पीत होते, असं ती बोलून गेली आणि आपल्याच शब्दाने ओशाळली.

बाबांना मात्र हसू आलं. हॉस्पिटलात सगळे त्यांना मामाच म्हणत. काम स्ट्रेचर उचलण्याचं. लिफ्ट बारा महिने आजारी, म्हणून पेशंट जिन्यानेच वर न्यायचे. दरवर्षी जिन्याची परीक्षा होई आणि नापास होणाऱ्याची बदली शवागारात होई, कारण तिथे जिने नव्हते. मामांना निवृत्त होईपर्यंत जिवंत माणसंच उचलायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं.

"मेलेले का असेनात, गुण आला ना?" ते म्हणाले. "महिनाभर तिसऱ्या मजल्यापर्यंत धाप नाही लागली मला."

एवढं बोलले आणि खरं कारण त्यांच्या ध्यानात आलं. स्ट्रेचर वर चढवताना खरा भार खालच्या माणसावर येतो. ती बाजू आलटून पालटून धरायची, असा जोडीदारांचा नियम. पण हल्ली जिना आला की त्यांचा जोडीदार लंबू आधीच खालच्या टोकाला जाऊन उभा असे. मामा पुढे हलके हलके चढत होते आणि कॅप्सूलला दुवा देत होते. त्यांना लाज वाटली, लंबूचा रागही आला. परीक्षा उद्यावर होती, आणि परीक्षेत तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता खालची बाजू प्रत्येकाला धरावीच लागे.

"माझ्याच हातानं घात झाला," बायको म्हणाली.

"तुझा काय दोष? वय काय उकळून जातं?"

परीक्षेत स्ट्रेचरवर वाळूची पोती नसत. मुकादमाला जिवंत माणूस हवा असे. म्हणून ज्याची परीक्षा संपली त्याने पुढच्याच्या वेळी पेशंट म्हणून आडवं व्हायचं, अशी रीत पडली होती. त्यावरून पोरं एकमेकांची यथेच्छ टिंगल करत.

दुसऱ्या दिवशी पहिला जिना मामांनी झोकात काढला. दुसऱ्यावर मांड्या लटपटू लागल्या, बोटं सुटतील असं वाटू लागलं. पुढून लंबू हळूच म्हणाला, "थांबा, मी येतो खाली." मामांनी मान हलवली. कसेबसे ते जिन्याच्या मधल्या चौकापर्यंत पोहोचले आणि तिथे त्यांनी स्ट्रेचर टेकवलं, त्यावर आडव्या असलेल्या माणसाला जराही धक्का लागू न देता. मुकादमाने दुसरीकडे पाहिलं.

सगळे खाली आले. आता लंबूची पाळी होती. रीतीप्रमाणे मामांनी आपणच चपला काढल्या आणि स्ट्रेचरवर पाठ टेकली. लंबूने त्यांच्या छातीवरून पट्टा ओढला. मामांनी आजवर घाबरलेल्या शेकडो माणसांना जे सांगितलं, तेच सांगायची वेळ लंबूवर आली होती. त्याला ते धड सांगता येईना.

"मामा, हात आत घ्या."

मामांनी दोन्ही हात पोटावर घेतले. स्ट्रेचर उचललं गेलं, चौक मागे पडला, आणि ते तिसऱ्या मजल्यावर पोहोचले.