डेपोत भरणा

विस्मरणाच्या रोगापायी सांगलीत जेवढे नारळ फुटले, तेवढ्या खोबऱ्यात अख्ख्या कोरेगाव तालुक्याची वर्षभराची चटणी झाली असती. ब्याण्णव साली 'विस्मरण निवारण निधी' निघाला. अध्यक्ष लालासाहेब. त्यांचा हिशेब सरळ होता: सत्कार केल्याशिवाय माणूस देणगी जाहीर करत नाही, आणि जाहीर झाली की ती आलीच असं धरून पुढचा सत्कार करायचा. चार वर्षांत साडेतीनशे शाली वाटल्या गेल्या. संशोधनही झालं. थंड हवेचा मेंदूवर काय परिणाम होतो हे बघायला एक समिती तीनदा महाबळेश्वरला जाऊन आली. चांगला होतो, असा अहवाल आला.

कोरेगावच्या बनाबाईला त्या अहवालाचं काय? तिला एक खोली हवी होती, बस्स.

तिचा नवरा धोंडिराम एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर. रिटायर झाला आणि दोन वर्षांत डोक्यातून एकेक जण उतरून गेला. पोरांची नावं गेली, बायकोचं गेलं, जेवलो की नाही तेही गेलं. सातारा-सांगली रस्त्यावरचे थांबे मात्र जागच्या जागी. सकाळ झाली की 'ड्यूटी हाय' म्हणून निघायचा. एकदा रहिमतपूरच्या रस्त्याला सापडला, एकदा थेट कोयनानगरला. तिथवर तो कसा पोचला, याचा उलगडा एसटीलाही आजतागायत झालेला नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं, "एकटं सोडू नका." बनाबाई बालवाडीत मदतनीस होती. तिथल्या बाईंनीही बजावलं, "आता एक खाडा झाला की मी दुसरी बघणार." निधीनं दोन वर्षांमागं कोरेगावात म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळायचं केंद्र जाहीर केलं होतं. तिथं अजून भूमिपूजनाचे दोन खड्डे तेवढे होते. दोन अशासाठी, की पहिल्या खेपेला फोटो नीट आला नव्हता.

निधीच्या निमंत्रणपत्रिका मात्र न चुकता यायच्या. गुळगुळीत, जाड, कडेनं लालासाहेबांचे हसरे फोटो. बनाबाई त्यांच्या पट्ट्या कापून तिकिटं करायची. पत्र्याची पेटी, भोकं पाडायचा जुना पंच आणि चामडी बॅग एवढं हाती दिलं की धोंडिराम तासभर जागचा हलत नसे.

शहाण्णव साली निधीचे सेक्रेटरी भाऊसो स्वतः घरी आले.

"वहिनी, पेशंट स्टेजवर दिसला की लोकांची पाकिटं सुटतात. तुम्ही फक्त त्यांना गप्प बसवा."

"आन् केंद्राचं काय?"

"कार्यक्रमात घोषणा आहे."

"घोषणा मागंच झालीय की वो."

"ती जुनी. ही नवी."

बनाबाई गेली, धोंडिरामला गप्प बसवायला पेटी, पंच आणि बॅग बरोबर घेऊन. न जाऊन सांगते कुणाला?

सांगलीचं सभागृह गच्च भरलेलं. खुर्च्या संपल्या, माणसं मधल्या वाटेत उभी. स्टेजवर चौदा पाहुणे, चौदा शाली. लालासाहेबांनी भाषणात पन्नास हजार जाहीर केले, टाळ्या झाल्या, भाषण पुढं चाललं. एवढी माणसं उभी बघून धोंडिरामचा जीव खालीवर व्हायला लागला. बनाबाईनं बाही धरली, पण तो उठलाच. बॅग गळ्यात, पेटी काखेत, आणि पंच पत्र्यावर टिकटिकटिक!

आता गंमत अशी, की त्या सभागृहातला माणूस न् माणूस जन्मभर एसटीनं फिरलेला. तो आवाज कानावर पडला आणि शे-पाचशे हात आपोआप खिशात गेले.

"फुडं सरका, फुडं सरका! मधी समदं मोकळंच हाय! तिकीट ऱ्हायलं का कुणाचं?"

"कराड एक."

"दोन मिरज, एक हाफ."

एका मास्तरांनी तर सवलतीचा पास काढून दाखवला. बघताबघता बॅग फुगली. खालची रांग संपवून धोंडिराम स्टेजवर चढला.

"तुमचं वो?"

"अहो, मी अध्यक्ष आहे!" लालासाहेब म्हणाले.

"म्हंजी पास हाय का? स्टाफ म्हणून फुकट लय जण चढत्यात."

"आत्ताच पन्नास हजार जाहीर केलेत मी!"

"जाहीर नगं. सुटं द्या."

सभागृह खदाखदा हसलं. निधीच्या इतिहासात लालासाहेबांचं पाकीट त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं. मग बाकीच्या तेराजणांनीही उघडलं.

भाऊसो धावत आले. "छान, छान! आणा ती बॅग, निधीत जमा करू."

धोंडिरामनं बॅग छातीशी धरली. "कॅश डेपोत भरायची. खिडकीवर. सही घिऊन. वाटंत कुणाच्या हातात देत न्हाईत."

भाऊसोंनी ओढली, तशी खालून आरोळी उठली, "डेपोत! डेपोत!"

बनाबाई जन्मात माईकपुढं उभी राहिली नव्हती. आज राहिली.

"डेपो कोरेगावला व्हनार हाय," ती म्हणाली. "दोन खड्डं तयार हायती. खोली उठंल, तवा मालक भरणा करतील. तवर बॅग आमच्या घरात."

लालासाहेब काही बोलणार, तोच पुढच्या रांगेतला एक म्हातारा तिकीट नाचवत उठला. "आमी तिकीट काढलंय गड्या. गाडी कवा सुटनार तेवढं सांगा!"

देणगी दिलेला माणूस घरी जाऊन विसरतो. तिकीट काढलेला विसरत नाही. पुढचे दोन महिने लालासाहेबांच्या दारात रोज कुणी ना कुणी हातात पट्टी घेऊन हजर. गाडी का सुटली नाही? उशीर किती? तक्रार-वही कुठाय? तिसऱ्या महिन्यात खोली उभी राहिली, गजांच्या खिडकीसकट. धोंडिरामनं खिडकीवर भरणा केला, सही घेतली, तेव्हाच बॅग सोडली.

आता तालुक्यातली अकरा म्हातारी माणसं तिथं बाकांवर बसतात. गाडी आत्ता येतीय म्हटलं की कुणी उठून जात नाही. त्यातली एक धोंडुबाई रोज माहेरचं तिकीट काढते. लालासाहेब एकदा फोटोसाठी आले होते. दारातच तिकीट मागितलं गेलं, तेव्हापासून फिरकलेले नाहीत.

बनाबाईचा खाडा पुन्हा झाला नाही. बालवाडी सुटली की ती न्यायला येते.

"बाई, शेवटची गाडी गेली. तुमी कुठं जानार?" धोंडिराम विचारतो.

"तुमी उतरनार तिथंच."

"मंग चला. पर तिकीट लागंल."

ती पदराच्या गाठीतली पट्टी काढून देते. धोंडिराम ती उजेडात धरतो, नीट निरखतो आणि लालासाहेबांच्या हसऱ्या फोटोच्या बरोब्बर मध्यावर भोक पाडतो.