डिस्कखालची खपली

डोंगराच्या पायथ्याच्या खापर गावच्या बाजारपेठेत बन्सीलालचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान वीस वर्षं चाललंय. त्याच्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही, असं आजूबाजूच्या गावांत बोललं जायचं. हळूहळू त्याला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

दिवाळीला आठ दिवस होते. ऐन बाजाराच्या दिवशी वीरसिंग गाडी घेऊन आला. हा डोंगरातल्या पाड्यावरचा, धान्य साठवायच्या बांबूच्या कणग्या विणण्यात नाव असलेला माणूस. पावसाळाभर तो बायकोला घेऊन सुरतेकडे बांधकामावर गेला होता आणि गाडी तेवढे चार महिने गळक्या पडवीत उभी होती. ती गाडी त्याला सात वर्षांपूर्वी बन्सीलालनेच पारखून घेऊन दिली होती. तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा हात त्याने तिला लागू दिला नव्हता. दर उन्हाळ्यात तो बन्सीलालच्या घरी आमचूर आणून द्यायचा, नको म्हटलं तरी ऐकायचा नाही.

"बन्सीभाई, ब्रेक दाबा का दांडी हातमा थरथरस," वीरसिंग म्हणाला. "अन् कधीमधी पहिला दाब खालीच जास."

बन्सीलालने पुढचं चाक उचलून फिरवलं. डिस्क तांबूस गंजलेली होती. त्याने तिच्या कडेला खिळा धरला. डिस्क एका जागी खिळ्याला घासायची, पुढे लांब सरकायची. वाकडी फिरत होती. असं झालं की डिस्क तिला दाबून धरणाऱ्या गुटक्यांना मागे ढकलते आणि पहिला दाब वाया जातो, हे त्याला पाठ होतं. डिस्क काढून तिच्याखालची चाकावरची बैठक बघायला हवी होती. त्याने बोल्टांना पाना लावला. पाच हलले, सहावा जागचा हलेना. तो तुटला तर सगळा दिवस त्यातच जाणार होता, आणि दुकानापुढे चार गाड्या उभ्या होत्या.

त्याने पाचही बोल्ट पुन्हा आवळले. वरून पॉलिश पेपर मारला. डिस्क चकचकीत झाली.

"खोलावं लागी का?" वीरसिंगने विचारलं.

"नही रे, गंज व्हता नुसता. दोन दिन चालाव, बशी जाई."

वीरसिंग हसला. "तू सांगं म्हंजे व्हयनं," म्हणत त्याने किक मारली.

चौथ्या दिवशी मोलगीकडून आलेल्या जीपवाल्याने खबर आणली. वीरसिंग बायकोला, रमिलाबाईला, मागे बसवून तिच्या माहेरी चालला होता. देवगोई घाटाच्या उतारावर गाडी घसरली. बाई खरचटण्यावर सुटली, पण वीरसिंगचं उजवं मनगट पार चुरलं होतं. दवाखान्यात सळई टाकली, तरी मूठ काही पूर्ण वळणार नव्हती.

पंधरा दिवसांनी वीरसिंगने गाडी पिकअपमध्ये घालून दुकानात पाठवली. बन्सीलालने सगळ्यात आधी तो सहावा बोल्ट धरला. रॉकेल सोडलं, थोडी आच दिली, हलक्या हाताने ठोकलं. बोल्ट सुटला. डिस्क उचलली तर बैठकीवर नखाएवढी गंजाची खपली चिकटलेली होती. तिच्यामुळेच डिस्क तिरकी बसली होती. त्याने तारेच्या ब्रशने बैठक साफ केली, डिस्क परत बसवली, चाक फिरवलं. खिळ्यापासूनचं अंतर कुठेही बदललं नाही. जेमतेम अर्ध्या तासाचं काम. तो तिथेच जमिनीवर बसून राहिला.

रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही. बायकोने, सरलाबाईने, खोदून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"तुले कोनी इचारं का?" ती म्हणाली.

"नही."

"मंग कसाले सांगाले जास?"

सकाळी तो पाड्यावर गेला.

वीरसिंग अंगणात खाटेवर बसला होता, हात गळ्यात अडकवलेला. बन्सीलालला पाहून त्याचा चेहरा खुलला. त्याने रमिलाबाईला चहा टाकायला सांगितलं. "मन्हीच चुकी व्हयनी भाई," तो स्वतःहूनच म्हणाला. "वळणवर खडी व्हती. लोक म्हनतस ब्रेक खराब व्हता. मी त्यासले सांगं, बन्सीभाईनं काम शे, ते चुकाव नही."

एवढ्यावरच चहा पिऊन परत येता आलं असतं.

"वीरसिंग, ब्रेकच खराब व्हता," बन्सीलाल म्हणाला. "डिस्क वाकडी फिरी ऱ्हायनी व्हती. माले दिसनं व्हतं. बाजारना दिन व्हता, मी खोली नही. तुले खोटं सांगं."

वीरसिंगने आपल्या हाताकडे पाहिलं नाही. अंगणाच्या कडेला अर्धवट विणलेली कणगी होती, तिच्याकडे तो बघत बसला. रमिलाबाई चहाचे कप घेऊन दारात थांबली होती. बाजारात शिकलेल्या मराठीत ती हळू म्हणाली, "त्या दिवशी बोलला असता तर आम्ही जीपनं गेलो असतो."

तिने कप खाली ठेवले आणि आत गेली.

"माफ कर" हे शब्द बन्सीलालच्या ओठांवर आले होते. पण ते उच्चारले तर वीरसिंगला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, असं वाटून त्याने ते गिळले. चहा तसाच निवून गेला. शेवटी तो उठला. वीरसिंगची नजर कणगीवरच होती.

महिन्याभराने रमिलाबाई भावाला घेऊन गाडी न्यायला आली. गाडी आता विकायची होती, भाऊच गिऱ्हाईक बघणार होता. बन्सीलालने पुढचं चाक उचलून फिरवून दाखवलं, दांडी दाबून दाखवली, आता काही भीती नाही म्हणाला. तिने चाकाकडे पाहिलं नाही.

"वीरसिंग कसा आहे?" त्याने विचारलं.

"चावी द्या," ती म्हणाली.

त्याने चावी दिली. भावाने गाडी सुरू केली, ती मागे बसली आणि गाडी अक्कलकुव्याच्या रस्त्याला लागली. दुकानात एक गिऱ्हाईक कधीचं हाका मारत होतं. बन्सीलालला ते ऐकू येत होतं, पण तो गाडी गेलेल्या रस्त्याकडेच बघत राहिला.