शिलाईच्या दुकानातली गिटार

मी शिलाईच्या दुकानात राहणारी इलेक्ट्रिक गिटार बोलतेय. तीन आठवडे ओरडून सांगत होते, दोष माझा नाही आणि बाईंच्या बोटांचाही नाही. एकाने विश्वास ठेवला असेल तर शपथ. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

जन्म कारखान्यातला. लाकूड कापलं, लाल रंग मारला, सहा तारा ताणल्या, झाले मी तयार. पहिल्या मालकाने मला भिंतीवर टांगलं आणि माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. चार वर्षांत एक सूर वाजवला नाही. शेवटी त्याच्या आईने वैतागून मला वाद्यांच्या दुकानात विकून टाकलं.

तिथे बाई आल्या. वय अठ्ठेचाळीस. उभा जन्म त्यांनी बँडमध्ये वाजवणाऱ्यांचे कोट शिवले, बाह्यांची मापं घेताना त्यांची बोटं बघत राहिल्या.

"मुलासाठी का?" दुकानदाराने विचारलं.

"माझ्यासाठी. चालेल ना तुम्हाला?"

मला ही बाई तिथेच आवडली.

माझ्याबरोबर आवाज मोठा करणारा एक छोटा अँप, वायर, तारा छेडायची पिक आणि सूर जुळवायचा ट्यूनर घेतला. पट्टा विकत घेतला नाही. जुन्या जीन्सचा स्वतः शिवला, दुहेरी टीप मारून. महिन्याभरात पटली नाही तर परत आणा, असं दुकानदार म्हणाला होता.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की बाई मोबाइलवर बघून शिकायच्या. तारा बोटांत रुतायच्या, पण सुया टोचून निबर झालेली बोटं ती, कुरकुरली नाहीत. आठवड्यात दोन कॉर्ड स्वच्छ वाजले. बाई एकट्याच हसल्या.

आणि मग माझा आवाज बिघडला. मध्येच खरखर, मध्येच मुकाट.

"आई, नाचता येईना अंगण वाकडं," लेक म्हणाली.

तिने चेष्टाच केली होती, पण ती बाईंच्या जिव्हारी लागली. त्या माझ्याकडे बघेनाशा झाल्या. एक दिवस कापड बेतता बेतता म्हणाल्या, "माझ्या हातातच नाही ते. शनिवारी परत देऊन येते. पुन्हा म्हणून नाव काढायची नाही."

आता खरं सांगते. बाईंचे यजमान, पलीकडच्या मशीनवर शिवणारे, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते रोज सकाळी बाई बसायच्या आधी त्यांच्या मशीनला तेल घालतात. तीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. त्या घरात जे कुरकुरेल त्याला तेल. कडीला, कात्रीला, पंख्याला. माझं आवाजाचं बटण त्यांना जरा घट्ट वाटलं, म्हणून त्याच्या फटीत दोन थेंब. त्यावर कापडाचे बारीक तंतू चिकटले आणि मी खरखरले. मास्तरांना वाटलं, अजून हवंय. आणखी दोन थेंब. रोज.

शनिवारी वाद्यांच्या दुकानातल्या कारागिराने माझं बटण उघडलं आणि हसायलाच लागला. "बाई, आत कापसाची वात तयार झालीय. काडी लावली असती तर पेटली असती. तेल घालतं का कोणी यात?"

अँप उचलून उभे असलेले मास्तर भिंतीवरची घड्याळं बघायला लागले. भिंतीवर घड्याळ एकही नव्हतं.

बाईंनी वेगळंच विचारलं. "म्हणजे माझी बोटं?"

"बोटांना काय धाड भरलीय? वाजवा की."

त्याने आतला भाग बदलला. बाईंनी तिथेच स्टुलावर बसून दोन्ही कॉर्ड वाजवले, एकदा, दोनदा, पाच वेळा. परत द्यायची गोष्ट कोणी काढली नाही.

आता मी बाईंच्या मशीनशेजारी खुंटीवर असते. सहा कॉर्ड येतात त्यांना. तुमच्या घरात कोणी उशिरा शिकायला बसलं असेल, तर त्याच्या हाताला नावं ठेवण्याआधी वाद्य उघडून बघा. आणि माया करायची तर विचारून करा, बाबांनो.

अजूनही बोट चुकतं. चुकलं की लेक कपड्याच्या ढिगाआडून विचारते, "आता कोणामुळे?"

पलीकडच्या मशीनचं पॅडल थांबतं. बाई बोट पुन्हा तारेवर नीट ठेवतात आणि मान वर न करता म्हणतात, "मास्तर."