आमेनच्या आधी

सुलोचनाबाई पारखे नवऱ्याशी कधीच भांडल्या नाहीत. राहुरीजवळच्या त्यांच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कारणही ठाऊक होतं. नवऱ्याला जे ऐकवायचं ते बाई देवाला ऐकवत. जेवणाआधीच्या प्रार्थनेत, मोठ्यांदा, नवरा समोर हात जोडून बसलेला असताना. प्रार्थनेत कुणी मध्ये बोलायचं नाही, हा ख्रिस्ती घरातला नियम. एरवी नवऱ्याचं नाव न घेणारी ही बाई देवाजवळ मात्र खुशाल घेई. ‘हे दयाळू पित्या, तुझा दास शांतवन याला गळके पत्रे दिसतील अशी दृष्टी दे’ म्हटलं, की आठवड्यात पत्रे बदलत. लेक कृपा नर्सिंगला गेली तीही अशाच एका प्रार्थनेच्या जोरावर. त्या दिवशी कालवण दोनदा गरम करावं लागलं होतं.

ही कृपा आता चंदीगडला सेक्टर ३२च्या इस्पितळात नर्स होती. नवरा सॅम्युअल पंजाबी ख्रिस्ती, घर तिथल्याच मनीमाजऱ्यात. आई-बाप महिनाभर राहायला आले आणि बाईंची पंचाईत झाली. घर जावयाचं, म्हणून प्रार्थना जावई करी. ती किती, तर ‘प्रभुजी, धन्यवाद, आमेन’, की लगेच पराठ्यावर लोणी. ‘आज मी करते’ असं बाईंनी एकदा सुचवून पाहिलं. जावई प्रेमानं म्हणाला, मम्मीजी, आप आराम करो.

आराम करता करताच त्यांना कळलं, की आपण आता कायमच्या इथं राहणार आहोत. गावी दोघंच काय करता, म्हैस विका आणि इकडेच या, असं कृपानं बापाला सुचवलं होतं आणि शांतवनराव ‘बरं’ म्हणाले होते. बाईंना कुणी विचारलंच नव्हतं. गावच्या शेजारच्या दिगंबरशी नवऱ्याचं म्हशीबद्दल फोनवर चाललेलं बोलणं कानावर आलं, तेव्हा कुठं हा बेत उघड झाला. दिगंबर सोमवारी म्हैस सोडून नेणार होता. ती गेली की गावी परतायचं निमित्तच संपणार. आणि बोलायची तर सोय नाही, कारण नवऱ्याशी समोरासमोर कसं भांडतात ते बाईंना माहीतच नव्हतं.

रविवारी चर्चचे पास्टर जेवायला आले. भले गृहस्थ. हात जोडून म्हणाले, “आज मम्मीजी दुआ करेंगी, अपनी भाषा में.”

जावयाचा हात लोण्याच्या वाटीवरच थांबला. बाईंनी पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. पास्टरांसाठी आभार, अन्नासाठी आभार, चंदीगडच्या रुंद रस्त्यांसाठीही आभार मानून झाल्यावर त्या मुद्द्यावर आल्या.

“हे पित्या, तुझा दास शांतवन याला पराठ्यांची भूल पडली आहे. तो म्हैस विकतोय. त्याला सद्बुद्धी दे. मला इथं करमत नाही, मला माझ्या घरी जाऊ दे.”

पास्टरांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण बाईंचा आवाज भरून आलेला ऐकून ते म्हणाले, “हालेलूया.” कृपाला सगळं कळत होतं आणि ती मान आणखी खाली घालत चालली होती.

‘प्रभू येशूच्या नावानं मागते’ इथवर बाई आल्या. आता आमेन म्हणणार, तोच शांतवनरावांनी प्रार्थना उचलली. उभ्या संसारात असं झालं नव्हतं.

“आणि हे पित्या,” ते म्हणाले, “तुझी दासी सुलोचना गावी लेकीचा फोन ठेवला की पदरात तोंड घालून रडायची, ते तू पाहिलंस. मीही पाहिलं. म्हणून म्हशीला गिऱ्हाईक बघितलं. मला काय हौस? इथल्या बागेत माझ्याशी मराठी बोलणारा तुझ्याशिवाय कुणी नाही. आणि पराठ्यांनी माझं पोट बिघडलंय, तेवढं जावयाला कळू देऊ नको.”

“हालेलूया,” पास्टरांनी दोन्ही हात वर केले. सॅम्युअलही भक्तिभावानं डोलला.

माणूस जिभेच्या चोचल्यापायी इथं राहतोय असं बाई समजत होत्या आणि तो बिचारा त्यांच्यापायी घरदार सोडायला निघाला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली, नवऱ्याची माया आली आणि थोडा रागही आला. उत्तर द्यायला देव समोर होताच. पण बाईंनी डोळे उघडले.

“आवं, एकदा मला इचारायचं तरी.”

शांतवनरावांनीही डोळे उघडले. “तू मला कधी काय सांगितलंस? जे ते त्याला.”

पास्टर अजून हात वर करून आमेनची वाट बघत होते.

“मग आता तुम्हालाच सांगते,” बाई म्हणाल्या. “दिगंबरला फोन लावा. म्हस द्यायची न्हाई.”