बुंदीचा कौल

मांजर सहसा राख चाटत नाही. बुंदी चाटत होती. महाराजांनी रुळाशेजारच्या फरशीवर चिमूटभर अंगारा टाकला, की ती पेरूच्या झाडाखालून उठायची, फरशीवर बसायची आणि जीभ फिरवायची. तेजश्रीने सकाळपासून मोजलं होतं. चार वेळा अंगारा, चार वेळा बुंदी, आणि चारही वेळा गाडी थांबली.

बागेत साठेक माणसं हात जोडून बसली होती. मोजत कुणीच नव्हतं.

तेजश्री शाळेत विज्ञान शिकवायची. कुंड्यांमधून फिरणारी ही वीतभर उंचीची रेल्वे तिच्या मामांची, गोविंदरावांची. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः पितळी रूळ टाकले, इगतपुरीची आठवण म्हणून एक बोगदा केला. जन्मभर वीज हाताळलेला हा माणूस तीन महिन्यांपासून, महाराजांच्या नादाने, आपल्याच खेळण्यापुढे नारळ फोडत होता.

"मांजर आडवं गेलं की माणूस थांबतो," महाराज सांगत होते. "इथे इंजिन थांबतं. का? व्हायब्रेशन. विश्वाचा सिग्नल लाल झाला, बाळांनो."

प्रश्न विचारायचा, गाडी सोडायची. फेरी पुरी झाली तर होकार, थांबली तर नकार. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कुणी आलेली नोकरी सोडली. आणि इंदिरामामींच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन तीनदा पुढे गेलं. डॉक्टर म्हणाले होते, उशीर नको. महाराज दर नकारामागे काढ्याची एक बाटली देत होते.

आज मामी चौथ्यांदा विचारायला बसल्या होत्या.

"मामी, गाठ काही गाडीसाठी थांबत नाही," तेजश्री हळूच म्हणाली.

"कळतं गं मला. पण तीनदा 'नाही' आलंय. मन धजत नाही."

गाडी सुटली. महाराजांची चिमूट सुटली. बुंदी उठली, बसली. बोगद्यातून बाहेर आलेली गाडी तिच्यापासून हातभर अलीकडे थांबली. मामींनी डोळे मिटले.

तेजश्रीने बुंदीला उचलून मामांच्या मांडीवर ठेवलं. गाडी चालू लागली. तिने अंगठ्याने फरशीचा कोपरा दाबला. गाडी थांबली. अंगठा उचलला, गाडी चालली.

"बाईंच्या अंगठ्यातही शक्ती आहे," महाराज लगेच म्हणाले. "पूर्वजन्मीची."

"ठमाबाई, वरवंटा आणा," तेजश्रीने हाक मारली.

मोरीत भांडी घासणाऱ्या ठमाबाईंनी वरवंटा आणून फरशीवर ठेवला. गाडी थांबली.

"आता याचा पूर्वजन्म सांगा," तेजश्री म्हणाली. मागे कुणीतरी खुदकन हसलं. "मामा, तुम्हीच बघा. फरशी डुगडुगते. तिच्या कडेवर रुळांचा सांधा आहे. वजन पडलं की तो सुटतो आणि रुळांची वीज जाते."

मामांनी वाकून सांध्यात नख घातलं. "लूज कनेक्शन," ते पुटपुटले. नोकरीभर हेच दोन शब्द त्यांनी दुसऱ्यांना सुनावले होते.

"पण मांजर नेमकं तेव्हाच का येतं?" महाराजांनी विचारलं. "त्याला कोण धाडतं?"

तेजश्रीने त्यांच्यापुढची अंगाऱ्याची पुडी उचलून ठमाबाईंपुढे धरली. ठमाबाई पेठकडच्या. त्यांना दोनदा हुंगावं लागलं नाही.

"ताई, ही तर सुकट हाय. वाळकी मासळी, कुटून राखेत घातलेली. आमच्याकडं घरोघरी असती."

पिढ्यान्पिढ्या नदीच्या घाटावर यजमानांचे विधी केलेलं मामांचं घर. अंडंही कधी उंबरा ओलांडून आत आलेलं नव्हतं. तीन महिने सगळ्यांनी मासळीचा चुरा कपाळाला लावला. बुंदी मामांचं कपाळ चाटायची, तीही कृपाच ठरली. वास ओळखणारी बाई दहा पावलांवर होती, पण तिच्यापर्यंत पुडी कधी गेलीच नव्हती.

"ऊर्जा दूषित झाली," म्हणत महाराज फाटकाकडे निघाले. बाटल्यांची पिशवी मात्र विसरले नाहीत.

"प्रश्न विचारा," तेजश्री लोकांना म्हणाली, "पण आलेलं उत्तर तपासून बघा. लग्नाचं मुलीला विचारा, आजाराचं डॉक्टरांना. मांजराला फक्त भूक लागली का, एवढंच विचारा."

मामा वरवंटा उचलायला वाकले.

"राहू द्या," इंदिरामामी म्हणाल्या. त्यांनी थांबलेल्या गाडीकडे एकदा नीट पाहिलं. "उभीच राहू दे तिला. तेजू, डॉक्टरांना फोन लाव. सोमवारी ऑपरेशन करायचं."